आयसीयूत कॅमेरा लावला तर पेशंटचं दुखणं कळेल काय?

रातपाळी_सिस्टर, यवतमाळ
काल इथं एकानं लिहिलं, "आयसीयूत बेडवर कॅमेरे लावा, संगणक चेहऱ्यावरून वेदना सांगेल. नर्सच्या भरवशावर कुठवर राहायचं?" शेवटचं वाक्य झोंबलं. नळी घातलेला पेशंट बोलत नाही, म्हणून आम्ही सीपीओटी काढतो, म्हणजे बघून वेदनेला गुण देतो. चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण, व्हेंटिलेटरशी जुळतोय का. प्रत्येकी 0 ते 2, एकूण 8. म्हणजे चेहऱ्याला जेमतेम दोन गुण, आणि तोही अर्धा चिकटपट्टीखाली. फवारणी करताना विषबाधा झालेल्या पेशंटचं काय? ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकानं तोंडाचे स्नायू आपोआप उडतात. त्यावरचं औषध ॲट्रोपिन जास्त झालं की तो बरळतो, चादर चाचपत बसतो. यातलं दुखणं कोणतं, विष कोणतं, औषध कोणतं? स्नायू सैल करणारं औषध चालू असलं तर चेहरा हलतच नाही, आत वेदना असली तरी.

कोडवाला_नागपूर
ती पोस्ट माझीच. सीपीओटी काढता केव्हा, चार तासांनी? मधल्या वेळी कोण पाहतं? एका सिस्टरकडे व्हेंटिलेटर किती, ते सांगा आधी.

रातपाळी_सिस्टर
एक असावा. किती असतात ते विचारू नका. तुमचा अलार्म वाजला तरी धावणारी मीच ना?

एमडी_होतोय
चेहऱ्यावरून वेदना ओळखायच्या संशोधनात खूप वापरलेला एक व्हिडिओसंच कॅनडातल्या खांदेदुखीच्या पेशंटचा आहे. सगळे शुद्धीत, नळी कोणालाच नाही. एवढंच.

कापूसवाला, घाटंजी
2017 च्या फवारणीत माहा भाऊ आत होता. हात बांधेल. मले दारातून हाकललं. कॅमेरा लावा ना बाप्पा, पण त्याचा टीव्ही आमच्या बाकड्यापाशी लावा!

कोडवाला_नागपूर
उघड्या अंगाचे पेशंट व्हरांड्यात दाखवायचे? बाया नसतात का आत? 2023 चा डेटा कायदा वाचा.

कापूसवाला
कायदा तुमी वाचा. मंग आत तरी येऊ द्या.

रातपाळी_सिस्टर
आत येऊ दिलं की चपला, डबा, अंगारा. इन्फेक्शन झालं की पुन्हा आमच्याच नावानं शिमगा.

कापूसवाला
अंगारा नाई लावू तं काय करू? कोनी काही सांगते काय? भाऊ डावा डोळा बारीक करे तं त्याची पाठ दुखे, हे आमच्या घरात लेकराले मालूम होतं. आत कोनाले मालूम होतं? कोनी इचारलं काय?

कोडवाला_नागपूर
बरं बाबा, भावाचा डोळा कॅमेऱ्याला ओळखता आला नसता. मान्य. पण सिस्टरला तरी कुठं आला?

रातपाळी_सिस्टर
नसताच आला. म्हणून मी आता भरतीच्या वेळीच घरच्यांना विचारते, दुखलं की हा काय करतो. अर्धे सांगतात, अर्धे रात्री फोनच उचलत नाहीत.

कापूसवाला
उचलतो न बाई. "रक्त आना" याच्या पुढं तुमी बोलत नाई.