'बॉर्डर'ला काय म्हणावं: काठ, किनार की चौकट?

पाटीपेन्सिल :
आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांसाठी गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरचे पाठ मराठीत लिहिते आहे. सहाव्या पाठात अडकले. जास्वंदीच्या फोटोत फक्त पुंकेसरांच्या भागाभोवती लाल रेघ आणायची आहे. कृती सोपी आहे. रंग लाल करून ठेवायचा, लंबगोल निवडीने तेवढा भाग निवडायचा, मग 'एडिट'मधून 'स्ट्रोक सिलेक्शन', जाडी ५-६ पिक्सेल. पण 'सिलेक्ट'मध्ये 'बॉर्डर' नावाची आणखी एक आज्ञा आहे. ती काहीच रंगवत नाही, निवडीच्या कडेचा पट्टा तेवढा नव्याने निवडून देते. आणि 'फिल्टर्स'च्या 'डेकोर'मध्ये 'अ‍ॅड बॉर्डर' आहे, ती अख्ख्या चित्राला बाहेरून पट्टी लावते, चित्राचं मापच वाढतं.
पहिल्या मसुद्यात मी तिन्ही ठिकाणी 'किनार' लिहिलं. परवा सरावाला बसलेल्या एका सरांनी नेमकी तिसरी आज्ञा घेतली आणि पुंकेसर राहिले बाजूला, सगळ्या फोटोला लाल पट्टी लागली. चूक त्यांची नाही, माझ्या शब्दाची आहे. तीन वेगळे शब्द हवेत, आणि ते गोल निवडीलाही चालले पाहिजेत.

खिळेजुळारी :
चौकट. छापखान्यात खिळे जुळवायचो तेव्हा मजकुराभोवती चार पितळी पट्ट्या बसवल्या की चौकट झाली. वर्तमानपत्रात आजही 'चौकटीत टाका' असंच म्हणतात. दुसरा शब्द कशाला शोधता?

शब्दवेल्हाळ :
कारण चौकट गोल नसते! चतुष्काष्ठ, म्हणजे चार लाकडं, त्यावरून चौकट. दाराला असते ती. पुंकेसरांभोवती लंबगोल काढून त्याला चौकट म्हणायचं म्हणजे शब्दाच्या पोटातले चार कोपरे पुसून टाकायचे.
'किनार'ही मला नको. ते फारसीतून आलं. आपला 'काठ' असताना उसनवारी का? काठ आला कण्ठापासून. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी 'कांठ' असा अनुस्वार देऊन लिहीत, तो त्या णकाराची खूण होता. नियमांनी अनुस्वार घालवला आणि शब्दाचा गळाच कापला असं मला फार वाटतं.

खिळेजुळारी :
गोल चौकटीतला फोटो मी स्वतः छापला आहे आणि गिऱ्हाईक तो 'गोल चौकटीत' म्हणूनच मागायचं. शब्द चालतो तो वापराने. फारसीचं म्हणाल तर खुद्द 'पेशवा' फारसी आहे. कागद, शाई, दुकान, हजार यांचं काय करणार?

शब्दवेल्हाळ :
रुळलेले शब्द काढा असं मी म्हणत नाही. नवी परिभाषा घडवताना आधी घरात बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

रंगपेटी :
माझा फ्लेक्सचा धंदा आहे. दिवसाला दहा जण येतात. माणसाचा फोटो कापून घ्यायचा, मागे रंगीत पार्श्वभूमी, आणि माणूस उठून दिसावा म्हणून भोवती पांढरी कड. त्याला सगळे 'स्ट्रोक' म्हणतात. 'दादा, जरा व्हाइट स्ट्रोक मार.' शेतकरी असो की नगरसेवक, सगळ्यांना कळतं. शिक्षकांनाही कळेल. स्ट्रोकच लिहा.

पाटीपेन्सिल :
तेही करून पाहिलं. एका बाईंनी विचारलं, स्ट्रोक म्हणजे पक्षाघाताचा तोच का? भाषांतराच्या यंत्राला विचारलं तर त्याने 'फटकारा' दिलं. कुंचल्याचा फटकारा ठीक आहे, पण पुंकेसरांना फटकारा कसा मारायचा?

मोगरा :
खिळेजुळारी, चौकटीबद्दल एक सांगते. आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात गुणवंत मुलांचे फोटो होते. ते ठसठशीत दिसावेत म्हणून मीच प्रत्येक चेहऱ्याभोवती काळी रेघ घातली. अंक घरोघरी गेला तशी एक आजी नातवाला घेऊन शाळेत आल्या. डोळ्यांत पाणी. 'जिवंत पोराला काळ्या चौकटीत का घातलंत?' मी पुढच्या वर्षी सगळ्या रेघा निळ्या केल्या, पण त्यांचा चेहरा विसरले नाही. पाठात हा इशारा जरूर द्या: माणसाच्या फोटोला काळा रंग नको.

कपाशी :
मी भंडाऱ्याकडची. आमच्याकडे करवतकाठी साडी विणतात, काठाला करवतीसारखे दाते असतात. त्या काठासाठी दोन्ही कडांना वेगळे धोटे (आडवा धागा नेणारे) चालतात, मधल्या अंगाला वेगळा. काठ अंगाबरोबरच विणला जातो. वरून लावतात तो गोट, मग तो झंपराच्या गळ्याला असो की गोधडीला.
पाटीपेन्सिलताईंना हवा तो फरक मला इथेच दिसतो. 'सिलेक्ट'मधली बॉर्डर चित्राच्याच अंगातला पट्टा निवडून देते, तो काठ. 'स्ट्रोक' वरून रंग चढवतो, तो गोट. आणि चित्राबाहेर लागते ती चौकट, भिंतीवरच्या तसबिरीला असते तशी.

पाटीपेन्सिल :
कपाशी, हे फार आवडलं! म्हणजे 'काठ निवडा', 'गोट भरा', 'चौकट लावा'. क्रियापदंसुद्धा वेगळी झाली. आज रात्री मसुद्यात घालून बघते.

मोगरा :
पण काठही वरून लावतात की. विरलेल्या लुगड्याचा काठ उसवून आई माझ्या परकराला लावायची. 'काठ लावला' असंच म्हणायची. आणि आजच्या मुलींना गोट म्हणजे काय ते कळेल का? माझ्या लेकीला हातातले गोट माहीत आहेत, गोट-पाटल्यांमधले.

रंगपेटी :
माझ्या दुकानातल्या मुलांना विचारलं. चौघांपैकी एकालाही शिवणातला गोट माहीत नव्हता.

शब्दवेल्हाळ :
माहीत नाही म्हणून तर पाठात यावा. शिक्षक वापरतील तर मुलं शिकतील.

आडवाट :
उशिरा आलो. एक अडचण कुणीच मांडली नाही. फोटोशॉपच्या 'स्ट्रोक'मध्ये आत, मध्ये की बाहेर हे विचारतात. गिंपमध्ये रेघ निवडीच्या हद्दीवर मधोमध बसते, अर्धी जाडी आत, अर्धी बाहेर. 'सिलेक्ट'मधली बॉर्डरही तशीच दोन्हीकडे पसरते. म्हणजे तो पट्टा निव्वळ आतल्या अंगाचा नाही. कपाशी यांचा काठ तर पूर्णपणे साडीचाच असतो. मग अर्ध्या बाहेरच्या पट्ट्याला काठ म्हणायचं का? नदीचा काठ तरी पाण्याचा की जमिनीचा?
पुंकेसर बारीक असतात, ६ पिक्सेलच्या रेघेतले ३ त्यांच्यावरच चढतील. निवड थोडी सैल करा, हे शब्दाच्या आधी लिहा.

कपाशी :
बरोबर आहे. अर्धं याचं, अर्धं त्याचं, असा आमच्याकडे धुरा असतो, दोन वावरांमधला.

खिळेजुळारी :
आमच्याकडे त्याला बांध म्हणतात. आणि तो अर्धा-अर्धा राहतो कुठे? दरवर्षी नांगरताना शेजारी एका सरीएवढा बांध कोरतो. माझ्या वडिलांची वीस वर्षं त्या भांडणात गेली.

पाटीपेन्सिल :
'निवड सैल करा' घातलं, आभार. पाठ शुक्रवारी छापायला द्यायचा आहे. गोट ठेवू की किनार?

शब्दवेल्हाळ :
कपाशी, धुरा म्हणजे 'धुरा सांभाळणे'मधलाच का? तो संस्कृत 'धुर्' म्हणजे जू, त्यावरून आला. वावराच्या कडेला तो कसा पोचला असेल? तुमच्याकडे धुऱ्यावर बैल सोडतात का?

कपाशी :
सोडतो ना. औत सुटलं की बैल धुऱ्यावरच चरतात. पण हा शब्द पुल्लिंगी आहे. 'धुरा कोरला' म्हणतो आम्ही, 'कोरली' नाही. तुमची धुरा स्त्रीलिंगी, म्हणजे वेगळी असावी. घरी आजोबांना विचारून उद्या लिहिते.