मदत हवी आहे: बेलफास्टच्या भिंतीआधीची वस्ती

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या इतिहासावर लिहितोय, एका जागी अडकलोय. ऑगस्ट १९६९ च्या दंगलीत बॉम्बे स्ट्रीट (हो, खरंच हेच नाव) जळाला, मग लष्कराने फॉल्स रोड (कॅथलिक वस्ती) आणि शँकिल रोड (प्रोटेस्टंट वस्ती) यांच्या मधे काटेरी तारा लावल्या, त्याचीच पुढे भिंत झाली, इथपर्यंत क्लिअर आहे. पण कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगली तिथे १८५७, १८६४, १८८६ ला पण झाल्यात, १९२० ला शिपयार्डमधून कॅथलिक कामगारांना हाकललं, म्हणजे वस्त्या आधीच धर्मानुसार वेगळ्या झालेल्या असणार असं मला वाटतं. १९११ ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे, घरोघरचा धर्म दिलाय, ती चाळली. स्ट्रीट डिरेक्टरीत (रस्त्यानुसार रहिवाशांची छापील यादी) नाव आणि धंदा मिळतो, धर्म नाही. १९९८ च्या शांतता कराराबद्दलचं नकोय. इंग्रजी चालेल, फक्त फुकट हवं. १९११ ते १९६९ मधे या दोन रस्त्यांमधल्या गल्ल्यांत कोण राहायचं, हे दाखवणारा नकाशा किंवा अभ्यास कुठे मिळेल?