डेबियन आणि वायफाय

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. डेबियनवर वायफाय चालत नाही, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असं काहीजण म्हणतात. पूर्वी बऱ्याच लॅपटॉपच्या बाबतीत ते खरं होतं, फर्मवेअर (वायफाय कार्ड चालायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर वेगळं न्यावं लागायचं. पण जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतं. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसकट डेबियन इन्स्टॉल करून दिलं, तर इन्स्टॉल चालू असतानाच घरचं नेटवर्क यादीत दिसलं. ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वायफाय कार्डांना मात्र अजूनही वेगळा ड्रायव्हर लागतो, तेवढं आधी बघून घ्या.

डेबियनमधली पॅकेजं, म्हणजे सोबत मिळणारे प्रोग्रॅम, जुनी राहतात हा आक्षेप मान्य, फायरफॉक्ससुद्धा ईएसआरच (नवे बदल उशिरा घेणारी, दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) मिळतो. पण बँक, मेल आणि लेखन एवढंच करणाऱ्याचं त्याने काही अडत नाही. मराठी टाइप करण्यासाठी आयबस-एम१७एन हे पॅकेज टाका, इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायचा) दोन्ही येतात.