रुग्णवाहिकेवरील बारा तासांच्या पाळीसाठी डबा कसा भरावा? नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असे सुचवावे

उमरेडरोडची_सून

नमस्कार. माझे यजमान रुग्णवाहिकेवर पायलट, म्हणजे चालक, आहेत. पाळी बारा तासांची असते; एक आठवडा सकाळी आठ ते रात्री आठ आणि पुढचा आठवडा रात्री आठ ते सकाळी आठ. गाडीचा थांबा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात आहे, परंतु अपघाताचा किंवा अडलेल्या बाळंतिणीचा कॉल आला की रुग्णाला घेऊन थेट नागपूरच्या मेडिकलपर्यंत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत, यावे लागते, आणि कित्येकदा थांब्यावर परत पोहोचण्याआधीच पुढचा कॉल येतो.

मी पोळी, भाजी, वरण आणि भात असा भरलेला डबा देते. तो दुपारी एकच्या सुमारास उघडेल असे मनात धरून मी स्वयंपाक करते. प्रत्यक्षात तो कधी चार वाजता उघडतो, तर कधी तसाच घरी परत येतो. एप्रिलपासून वरणाला वास येऊ लागतो. मग भूक अनावर झाली की टपरीवरचा चहा आणि आलूबोंडा हेच जेवण होते. अलीकडच्या तपासणीत त्यांचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ टक्के आले. डॉक्टरांनी गोळी सुरू केलेली नाही, आहार आणि वजन यांकडे लक्ष देण्यास सांगितले आहे. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांनी किंवा त्यांच्यासाठी डबा भरणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावे: उन्हात खराब होणार नाही, पाच-दहा मिनिटांत खाता येईल आणि साखरेच्या दृष्टीनेही योग्य असेल असे काय द्यावे? रात्रपाळीत नेमके कधी आणि किती खावे, हाही मला पडलेला प्रश्न आहे.

रात्रपाळी_वैद्य

ताई, मी स्वतः रुग्णवाहिकेवर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो, त्यामुळे आपण लिहिलेली स्थिती रोज डोळ्यांसमोर असते. आपल्या स्वयंपाकात काहीच उणे नाही. अडचण एवढीच आहे की आपण एका जेवणाचा डबा भरता आणि आमच्या कामात एका बैठकीचे जेवण क्वचितच होते. म्हणून डबा एक न ठेवता त्याचे तीन-चार लहान भाग करावेत, आणि प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण असावा. एका लहान डब्यात दोन धपाटे आणि जवसाची चटणी, दुसऱ्यात मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, तिसऱ्यात फुटाणे आणि फल्लीदाणे (शेंगदाणे), शिवाय एखादे फळ. कॉल मध्येच आला तरी जो डबा उघडला असेल तेवढाच वाया जाण्याची शक्यता राहते. बाकीचे बंद आणि सुरक्षित असतात. मोठा डबा एकदा उघडून अर्धा टाकून जावे लागले, की परत आल्यावर तो खावासा वाटत नाही आणि खाऊही नये.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण घरच्यांना तिची कल्पना नसते. रुग्णाला ठेवतो त्या मागच्या कक्षात काहीही खाऊ नये, पिऊ नये आणि जेवणाची पिशवीही तिथे ठेवू नये. तिथे रक्त, उलटी, थुंकी यांचा संपर्क होत असतो आणि गाडी पुसून घेतली तरी प्रत्येक कोपरा निर्जंतुक झालेला असतोच असे नाही. औषधांसाठी शीतपेटी असेल, तर तिच्यातही डबा ठेवायचा नाही. पिशवी चेन असलेली, धुता येणारी असावी आणि ती पुढच्या भागात, सीटच्या मागे सावलीत राहावी. काचेजवळच्या फळीवर ठेवलेला डबा मे महिन्यात तासाभरात अक्षरशः शिजत राहतो.

रुग्ण मेडिकलला किंवा मेयो या नागपुरातील दुसऱ्या शासकीय रुग्णालयाला सोपवला की गाडीत बसण्याआधी तिथेच साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत, हे यजमानांना आवर्जून सांगा. सॅनिटायझर जवळ असावेच, परंतु हातांवर दिसणारी घाण असेल तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही, आणि जुलाब-उलट्यांचे काही विषाणू त्याला फारसे दाद देत नाहीत. यासाठी डब्यासोबत चमचा अवश्य द्यावा आणि धपाटे किंवा पोळीची गुंडाळी कागदात अशी बांधावी की कागद धरून खाता येईल. गाडी चालवताना मात्र एक घासही नाही. रुग्ण मागे असो वा नसो.

आहारशास्त्र_धंतोली

वर डॉक्टरांनी लिहिले ते अगदी योग्य आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून टिकाऊपणा आणि साखर या दोन बाबींवर लिहिते.

शिजवलेल्या अन्नात जंतू सर्वाधिक वेगाने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात. सामान्यतः असे अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एक तासावर येते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर संध्याकाळीही दिलासा मिळत नाही. म्हणजे सकाळी सात वाजता कोमट भरलेले वरण साध्या डब्यात दुपारपर्यंत टिकेल अशी अपेक्षाच करता येत नाही. यावर तीनच मार्ग आहेत. अन्न इतके कोरडे असावे की जंतूंना ओलावा मिळू नये. किंवा ते ६० अंशांच्या वर गरम राहावे. किंवा बर्फाच्या सान्निध्यात थंड राहावे. कोमट अन्न घट्ट झाकणाखाली बंद करणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे, आणि घाईच्या सकाळी बहुतेक घरांत नेमके तेच घडते.

गरम द्यायचे असेल तर रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्यावा. त्यात आधी उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवावे, ते टाकावे आणि लगेच उकळते वरण किंवा मुगाची पातळ खिचडी काठापर्यंत भरावी. थर्मास अर्धा भरला तर उष्णता लवकर जाते. एकदा उघडला की तो त्याच बैठकीत संपवावा. थंड ठेवायचे असल्यास रात्री गोठवलेली पाण्याची बाटली डब्याला लावून जाड अस्तराच्या पिशवीत ठेवावी. बर्फ वितळला की पिण्यास गार पाणीही मिळते. उकडलेली अंडी हा प्रथिनांचा उत्तम पर्याय आहे, परंतु उन्हाळ्यात ती बर्फाशिवाय देऊ नयेत.

साध्या डब्यातील भात मात्र उन्हाळाभर बंद करावा, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते रुजून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही.

आता साखरेविषयी. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते आणि ६.१ वर आहाराने नक्कीच फरक पडतो. पोळीऐवजी ज्वारीची भाकर, प्रत्येक भागात डाळ, उसळ, दही किंवा अंडे यांपैकी काही तरी (उन्हाळ्यात वर सांगितल्याप्रमाणे गरम किंवा बर्फाशेजारी ठेवलेले), आणि काकडी-टोमॅटो न चिरता अख्खे, असा डबा भरल्यास साखर एकदम चढत नाही आणि भूकही लांबते. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, फुटाण्यांतून ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. बिस्किटांच्या पुड्याऐवजी हीच मूठ खिशात असावी. संत्र्यांच्या दोन हंगामांपैकी आंबिया बहाराची फळे दिवाळीनंतर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्या काळात रोज एक अख्खे संत्रे द्यावे, त्याचा रस नको. ऐन उन्हाळ्यात पेरू, सफरचंद किंवा काकडी ठीक. पुढे कधी मधुमेहाची औषधे सुरू झालीच, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, तर जेवणाची वेळ टळल्यास साखर एकदम घसरून ते धोकादायक ठरते. तेव्हा ही ड्युटी कशी असते हे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात.

रात्रपाळीत शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असते, म्हणून मुख्य जेवण घरून निघण्यापूर्वी सात-साडेसातलाच व्हावे. मध्यरात्रीपर्यंत एक लहान डबा चालेल. बारा ते सहा या वेळात शक्यतो जेवण टाळावे. भूक लागलीच तर ताक, फुटाणे किंवा थर्मासमधील मुगाचे गरम कढण घ्यावे. पोटभर जेवणानंतर पहाटे तीनच्या सुमारास येणारी गुंगी पायलटसाठी साखरेपेक्षाही जास्त चिंतेची आहे. चहातील कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात उरतो. सकाळी नऊला झोपायचे असेल तर शेवटचा चहा पहाटे तीनच्या आत घ्यावा.

कळमेश्वर_पायलट

मी खासगी रुग्णवाहिका चालवतो. आमच्या गाडीवर सर्वांत जास्त उपयोगी पडलेला पदार्थ म्हणजे मेथीचे धपाटे. ज्वारी, बेसन आणि थोडी कणीक दह्यात भिजवायची, तीळ, ओवा, तिखट घालायचे, पण कांदा घालायचा नाही, आणि भाजल्यावर पूर्ण गार होऊ देऊनच डब्यात भरायचे. सोबत जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी. पातोडीची रस्सा भाजी मला फार आवडते, परंतु ती घरी जेवायची, ड्युटीवर नाही. तर्रीपोह्यांचेही तसेच. चणे असल्यामुळे ते वाईट नाहीत, पण तर्रीचे तेल पोटात गेल्यावर दुपारच्या उन्हात वर्धा रोडवर डोळे जड होतात.

पाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. आमच्यापैकी बरेच जण लघवीला थांबता येत नाही म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. हे अतिशय चुकीचे आहे. मुतखड्याचा त्रास झालेले सहकारी मी पाहिले आहेत. प्रत्येक रुग्णालयात रुग्ण उतरवला की आधी स्वच्छतागृह, मग हात, मग अर्धा लिटर पाणी, असा क्रम लावून घेतला तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. गाडीत दोन बाटल्या असाव्यात, एक पाण्याची आणि एक थर्मासमधील गार ताकाची.

उमरेडरोडची_सून

सर्वांची मनापासून आभारी आहे. डब्याचे भाग करायचे, हे मला सुचलेच नव्हते. दोन शंका उरल्या आहेत. सासूबाई उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करतात. ती ताकाऐवजी देता येईल का? आणि घामामुळे रोज ओआरएसची पुडी द्यावी असे शेजारी सांगतात, ते योग्य आहे का? शिवाय जे न खाता परत येते ते संध्याकाळी गरम करून आम्ही घरी खातो, त्यात काही गैर आहे का?

आहारशास्त्र_धंतोली

आंबील अवश्य द्यावी. पीठ आंबवून मग शिजवलेली, रात्रभर फ्रिजमध्ये गार केलेली आणि बर्फाच्या पाण्याने आधी थंड केलेल्या थर्मासमध्ये भरलेली असावी, आणि पाळीच्या पहिल्या चार-पाच तासांत संपवावी. मात्र ती पेय नसून धान्य आहे; आंबील दिली त्या दिवशी एक भाकर कमी ठेवावी, आणि तिच्यात गूळ घालू नये.

ओआरएस रोजचे पेय म्हणून नको. त्यात मीठ आणि ग्लुकोज मोजून घातलेले असते आणि ते जुलाब, उलट्या किंवा उन्हाचा त्रास झाल्यास घ्यायचे असते. इतर दिवशी पाणी, मीठ-जिरे घातलेले ताक आणि नेहमीचे जेवण एवढे पुरते. गाडीत दोन पुड्या ठेवण्यास हरकत नाही. एका लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी, अर्ध्या बाटलीत नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा राहत असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे.

परत आलेल्या डब्यातील फुटाणे, फल्लीदाणे, कोरडी चटणी आणि अख्खी फळे दुसऱ्या दिवशी चालतील. धपाटे न उघडलेल्या डब्यात असतील आणि त्यांना वास किंवा चिकटपणा नसेल तर त्याच रात्री खावेत. बारा तास गाडीत राहिलेले वरण, उसळ, दही आणि भात कितीही जिवावर आले तरी टाकून द्यावेत, घरातील मुलांना तर मुळीच देऊ नयेत. उसळ रोज उरत असेल तर तिचे प्रमाण अर्धे करा आणि त्या जागी फुटाणे वाढवा.