वेरूळ-घृष्णेश्वर एका दिवसात: ४० जण, निम्मे साठीपुढचे

भजनी_मंडळ_लातूर: बस ठरली आहे, आदल्या रात्री मुक्काम संभाजीनगरला. तिघांना कमी ऐकू येतं. गाईड कितीही ओरडला तरी मागच्यांना काही कळत नाही. मंगळवारी लेणी आणि दर्शन दोन्ही करायचं म्हणतोय. क्रम कसा लावावा? परतीला औंढा नागनाथही करायचंय.

कातळकोरा: दादा, आधी मंगळवार बदला. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात (अजिंठा सोमवारी). सोमवारी देवळात रांग मोठी, म्हणून बुधवार किंवा गुरुवार धरा.

पहाटे दर्शन, लेणी त्यानंतर. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं. सदऱ्याच्या खिशातली औषधं, पैसे बाहेरच राहतात, तेव्हा ज्येष्ठांच्या कमरेला छोटी पिशवी असू द्या.

लेण्यांचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी आत अंधार, ऊन दुपारनंतर शिरतं. म्हणून सकाळी दूरची ३० ते ३४ ही जैन लेणी गाडीनं करा. ती चालत गाठायची म्हटलं की कैलासआधीच माणसं दमतात. जेवणानंतर १० नंबर, विश्वकर्मा. १६ नंबरचा कैलास शेवटी, पण घाईत नको, दीड तास ठेवा.

घुमट_आवाज: ऐकण्याचं सांगतो. गाईडच्या गळ्यात माईक आणि प्रत्येकाच्या कानात छोटा रिसीव्हर, असा वायरलेस संच भाड्यानं मिळाला तर घ्या. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना कानात खुपसायची बोंडं नकोत, कानावर बसणारा हेडफोन द्या. ४० जणांचे दोन गट करा.

संच नसेल तर दोन-दोन मिनिटांच्या फायली रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर आदल्या रात्रीच पाठवा आणि सगळ्यांकडून उतरवून घ्या. कातळात नेटवर्क जातं. फाईलच्या नावात आधी लेण्याचा नंबर टाका, नाहीतर ऐन वेळी शोधाशोध होते. विश्वकर्मात मात्र माहिती दारातच सांगून घ्या. कमानदार छताखाली आवाज इतका घुमतो की शब्द एकमेकांत मिसळतात. भजनाची एक ओळ तिथं म्हणून बघाच!

भजनी_मंडळ_लातूर: गुडघेदुखीवाल्यांना कैलासात वर चढवू का?

कातळकोरा: नको. जिन्यात उजेड कमी. खालच्या चौकातून प्रदक्षिणा घाला: जोत्यातले हत्ती, उत्तरेकडे महाभारताचा पट, दक्षिणेकडे रामायणाचा, आणि कैलास हलवणारा रावण. बघण्यासारखं बरंच खालीच आहे. रावणाच्या हातांकडे टॉर्च समोरून न धरता बाजूनं धरा, तरच खोली दिसते.

नागनाथ_फाटा: औंढ्याचं लक्षात ठेवा, गाभारा जमिनीखाली आहे. वाट अरुंद, छत बुटकं, वाकून-बसूनच उतरावं लागतं. बीपी, दमा, पाठीचा त्रास असलेल्यांना सभामंडपातूनच नमस्कार करू द्या, आणि हे बसमध्येच सांगून ठेवा. तोंडाशी गेल्यावर कुणी मागं फिरलं की अख्खी रांग तुंबते. नंदी नेहमीसारखा समोर नाही, देवळाच्या मागं आहे. तो सगळ्यांना दाखवा.