आईचा डोळा सतत गळतो: बलून, नळी की शस्त्रक्रिया? मदत हवी आहे

पिंपळपान
नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची आहे. तिचा डावा डोळा दीड-दोन वर्षं गळतोय. वारा लागला तरी, वाचायला बसली तरी, नुसती बसली तरी पाणी. चष्म्याच्या डाव्या काचेवर खालच्या कडेला सुकलेल्या पाण्याचे पांढुरके ठिपके कायमचेच, आणि सकाळी चिपडं. "वयानं होतं" म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं. (मीसुद्धा. आता लाज वाटते.)

मोतीबिंदूच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी खालच्या पापणीच्या छिद्रातून बोथट सुईनं पाणी सोडलं आणि विचारलं, "घशात खारट लागलं का?" आई नाही म्हणाली. ते पाणी वरच्या पापणीच्या छिद्रातून उलट आलं आणि त्यात पांढरे चिकट धागे होते. आधी हे निस्तरा, मोतीबिंदू नंतर, असं सांगून आम्हाला परत पाठवलं.

आता एक डॉक्टर म्हणतात, डीसीआर (अश्रूंना नाकात नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया) करा, आत सिलिकॉनची नळी ठेवू. दुसरे म्हणतात, बलूननं अश्रू नाकात नेणारी नलिका रुंद करू, चिरा नको. त्यात मी रात्री बसून नको तेवढं वाचलं आणि काचेच्या नळीचे फोटो नेमके आईनं पाहिले. तेव्हापासून तिचं एकच: "डोळ्यात काच घालून घेणार नाही. गळू दे."

बलूननं भागेल का? आणि नळी घालून कुणी वावरलंय का इथे?

गारवेल
माझ्या मावशीचाही डोळा गळायचा. तिच्या छिद्रात चक्क प्लग बसवला आणि गळणं थांबलं! शस्त्रक्रिया वगैरे काही नाही. विचारून बघा.

तिरपी_नजर
नेत्रविभागात काम करते. काकूंना मी तपासलेलं नाही, तेव्हा हा सल्ला नव्हे, फक्त नकाशा.

गारवेल, तुमच्या मावशींचा डोळा बहुधा कोरडा असणार. कोरडा डोळा चुरचुरतो, मग अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते आणि माणसाला वाटतं डोळा गळतोय. प्लग अश्रूंची वाट अडवून डोळा ओला ठेवतो, म्हणून चुरचुर आणि पाणी दोन्ही थांबतात. काकूंची वाट आधीच बंद आहे. तिथे प्लग म्हणजे तुंबलेल्या मोरीला बोळा.

पिंपळपान, तुम्ही पाणी कुठून परत आलं ते लिहिलंत, फार बरं केलंत. दोन्ही पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला एकेक छिद्र असतं. त्यातून निघणाऱ्या बारीक नळ्या बहुतेकांत पुढे एक होऊन अश्रुपिशवीत शिरतात आणि पिशवीखालून नलिका नाकात उतरते. खालून सोडलेलं पाणी वरून आलं, म्हणजे बारीक नळ्या उघड्या आहेत. सोबत चिकट स्रावही आला, म्हणजे पिशवीपर्यंत वाट आहे आणि तुंबलंय त्याच्या खाली. जुनी माणसं ज्याला लासूर म्हणायची, तेच हे प्रकरण.

काचेची नळी (जोन्स ट्यूब) ही बारीक नळ्याच निकामी झालेल्यांसाठी असते. तुम्ही लिहिलंय त्यावरून काकूंचा तो प्रश्न दिसत नाही. हे त्यांना आधी सांगा, बाकीचं मागाहून.

बलूनमध्ये बारीक कॅथेटर छिद्रातून नलिकेत नेतात, टोकाचा फुगा द्रवानं फुगवतात, साधारण दीड मिनिट धरतात, सोडतात, पुन्हा फुगवतात. नलिका अर्धवट उघडी असेल तर मोठ्यांमध्येही उपयोग होतो. लहान मुलांमध्ये सळई घालून वाट मोकळी झाली नाही तर बलून किंवा नळी, असा क्रम असतो. पण मोठ्या माणसाची नलिका पूर्ण बंद असेल तर फुगवलेली जागा पुन्हा मिटण्याची भीती जास्त. डीसीआरमध्ये बिघडलेल्या नलिकेच्या वाटेला जातच नाहीत. पिशवी आणि नाक यांच्यामधलं थोडं हाड काढून नवी खिडकी करतात. इटलीच्या अडेओ तोती यांनी १९०४ मध्ये ही बाहेरून चिरा देऊन करायची पद्धत मांडली. आता ती दुर्बिणीनं नाकातूनही होते, चेहऱ्यावर व्रण नाही. तेव्हा "चिरा नको" एवढंच कारण असेल तर बलूनच हवा असं नाही. दुसऱ्या डॉक्टरांना हेच विचारा: नलिका पूर्ण बंद आहे की अर्धवट?

मोतीबिंदू थांबवला ते योग्यच. पिशवीत जंतू साठलेले असताना डोळा उघडणं धोक्याचं. कोपऱ्यात लाल, दुखरी सूज आली तर थांबू नका, दाबूही नका, त्याच दिवशी दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

एकटा_टांगेवाला
मी नळी घालून साडेतीन महिने वावरलो. डोळ्यात "नळी" नसतेच हो, आरशात अगदी जवळून पाहिलं तर कोपऱ्यात दोन छिद्रांच्या मध्ये एक चमकता दोरा दिसतो. बाकी सगळं नाकात. चार दिवसांत विसरलो.

एकदा मात्र झोपेत डोळा चोळला आणि सकाळी दोऱ्याचा फास गालावर लोंबत होता. बायको कात्री आणायला धावली. कापायचं नाही! मी तो नाकाच्या कडेला चिकटपट्टीनं चिकटवला आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकातून दुसरं टोक ओढून जागेवर आणला, पाच मिनिटांत. सुरुवातीला नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, हे मला सगळ्यात जड गेलं. नळी काढताना कोपऱ्यात फक्त गुदगुली झाली.

तिरपी_नजर
बरोबर. आणि साध्या डीसीआरमध्ये काही सर्जन नळी ठेवतही नाहीत. काकूंना नळीचंच वावडं असेल तर तेही विचारून ठेवा.

पिंपळपान
सगळ्यांचे आभार. दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला. नलिका पूर्ण बंद आहे, बलूनची खात्री देत नाही, म्हणाले. आईला टांगेवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, गालावरच्या फासापाशी हसली. नाकातून डीसीआर होणार असेल तर तयार आहे, पण एक शंका तुम्हालाच विचारायला सांगितलीय: त्या दोऱ्याचा रंग कुठला असतो?

एकटा_टांगेवाला
पारदर्शक. शेजारणीला दिसणार नाही, सांगा काकूंना.