रिकामी ड्रॉप टँक सोडली की परत पंखाकडेच येते, मेश चुकलंय का?

भोवरा९: प्रोजेक्टसाठी पंखाखालून रिकामी इंधनाची टाकी सुटते त्याचं सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) करतोय, ओपनफोम सॉफ्टवेअरमध्ये, माक ०.८ ला (आवाजाच्या वेगाच्या ०.८ पट). आधी ताणलं जाणारं नेहमीचं मेश (हवेची जागा बारीक सेलमध्ये वाटणारं जाळं) घेतलेलं, पण टाकी हातभर खाली गेली की निगेटिव्ह व्हॉल्यूम (सेल उलटे होणं) येऊन रन मरायचा म्हणून ओव्हरसेट केलं (टाकीचं वेगळं मेश, मागच्या मेशवरून सरकणारं). आता रन चालतो, पण टाकी जराशी खाली जाते, नाक वर करते आणि परत पंखाकडे येते!! गाईड म्हणतात मेश बघ. चार दिवस तेच बघतोय.

सहा_डीओएफ: मेशला शिव्या घालण्याआधी हवेचा जोर शून्य करून नुसत्या गुरुत्वाकर्षणावर सोडून बघ. ०.१ सेकंदात साधारण ५ सेंमी, ०.३ सेकंदात ४४ सेंमी खाली आली पाहिजे, नाही आली तर सेटअपच गंडलाय. आणि इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध) सीजी म्हणजे गुरुत्वमध्याभोवतीचा टाकलायस ना? कॅडमधून उचलताना बरेचजण मूळ बिंदूभोवतीचा उचलतात, तो पार वेगळा असतो.

जुना_टनेलवाला: अरे पण हे खरंही असू शकतं. भरलेली टाकी दगडासारखी पडते, रिकामीचं वजन कमी आणि अंग तेवढंच, त्यात नाक वर गेलं की ती पंखासारखी लिफ्ट घेते. म्हणून तर टाकी टाकायला वेगाची मर्यादा असते, इजेक्टरने (ढकलणाऱ्या दट्ट्याने) खाली ढकलतात, काही टाक्यांना मागे बिजागरी ठेवतात म्हणजे आधी नाक खाली जातं आणि मगच ती सुटते. ३० जुलै १९६६ ला एम-२१ विमानाच्या पाठीवरून माक ३ च्या वर डी-२१ ड्रोन सोडला, तो विमानावरच आदळला, विमानातल्या दोघांपैकी एकाचा जीव गेला. नंतर तो बी-५२ बॉम्बरच्या पंखाखालून सोडायला लागले. तुझ्या केसमध्ये इजेक्टर आहे का?

भोवरा९: इजेक्टर नाहीये, नुसतं सोडलंय 😅 हवा काढून बघितलं, ४४ सेंमी बरोबर आले, इनर्शियापण ठीक. सॉल्व्हर मात्र इनकॉम्प्रेसिबल (हवा दाबली जात नाही असं धरणारा) आहे, ट्यूटोरियलमधलाच उचलला होता...

सहा_डीओएफ: माक ०.८ ला इनकॉम्प्रेसिबल?? पायलॉन (पंखाखालचा टाकी अडकवायचा खांब) आणि टाकीच्या मधल्या फटीत हवा दाबून वेग वाढतो, तिथे शॉक (दाब एकदम वाढवणारी लाट) येणार, तो तुझ्या सॉल्व्हरला दिसतच नाही मग पिचिंग मोमेंट (नाक वर-खाली फिरवणारा जोर) कसा बरोबर येईल. ओव्हरसेटचा कॉम्प्रेसिबल सॉल्व्हर ओपनफोममध्येच आहे, तो घे. फटीत निदान चार-पाच सेल ठेव नाहीतर ऑर्फन सेल (दुसऱ्या मेशकडून माहिती न मिळणारे) येतील. टर्ब्युलन्स नंतर, आधी इनव्हिसिड (घर्षण न धरता) चालव, सुरुवातीच्या काही दशांश सेकंदांत घर्षणाचा फारसा फरक पडत नाही.

जुना_टनेलवाला: आणि आपली टाकी बाजूला ठेवून आधी ती पंख-पायलॉन-स्टोअरची (स्टोअर म्हणजे पंखाखाली टांगलेली वस्तू) प्रसिद्ध केस कर, माक ०.९५ आणि १.२ ची, विंड टनेलचा डेटा उघड आहे. त्यात मागचा इजेक्टर पुढच्यापेक्षा जोरात ढकलतो म्हणून नाक आधी वर जातं, मग हवेमुळे खाली येतं. ते वळण तुझ्या ग्राफमध्ये आलं की मग टाकीकडे ये.

भोवरा९: कॉम्प्रेसिबल लावलाय, टाइमस्टेप इतका बारीक झालाय की उद्यापर्यंत ०.२ सेकंद होतील. गाईडना सांगतो मेश बघतोय म्हणून.